जड हाताचा माणूस

शाळेत माझी वही मागून वाचता यायची. एका पानावर लिहिलं की पुढच्या तीन पानांवर त्याचे वळ उठायचे. असा जड हात घेऊन मी दाब ओळखणारा पेन टॅबलेट निवडायला बसलो, म्हणजे कॉम्प्युटरला जोडून चित्र काढायची पाटी, जितकं दाबावं तितकी रेघ जाड उमटवणारी.

निवडायला बसलं की आधी अंगावर येतो तो लेव्हलचा आकडा, म्हणजे पेन दाबाच्या किती पायऱ्या ओळखतो तो. 2048, 4096, 8192, आणि आता तर 16384. दर वेळी दुप्पट, म्हणजे दाबाची पट्टी तेवढी बारीक आखलेली. मीही भुललो होतो. मग एका मित्राकडे 2048 वाला आणि 8192 वाला असे दोन्ही टॅबलेट शेजारी ठेवून आळीपाळीनं रेघा ओढल्या. डोळे झाकून ओळखायला सांगितलं असतं तर सपशेल नापास झालो असतो. फरक जाणवला तो दुसरीकडेच. निब टेकवल्यावर रेघ किती दाबाला सुरू होते, त्यात. चांगल्या पेनाला एखाददोन ग्रॅमचा भार पुरतो, पापणीचा केस काढावा इतक्या हलक्या हातानं रेघ उमटते. त्या दोघांतल्या एकाला मात्र आधी टोचल्यासारखं दाबावं लागत होतं, आणि तो नेमका मोठ्या आकड्याचा निघाला. जिन्याला आठ हजार पायऱ्या, पण पहिलीच कमरेइतकी उंच! हा पहिल्या पायरीचा आकडा खोक्यावर क्वचितच छापतात.

अशा बहुतेक पेनांत बॅटरी नसते याचं मला अजून नवल वाटतं. टॅबलेटच्या पाटीखाली तारांची जाळी असते, ती चुंबकीय लहरी सोडते. पेनातलं वेटोळं त्यावरच जागं होतं आणि उत्तर धाडतं. निब दाबली की त्या उत्तराची कंपनसंख्या किंचित बदलते, तोच दाब. निब टेकण्याआधीच, साधारण सेंटिमीटरभर वरून, कर्सर हलायला लागतो तोही यामुळेच.

आकाराच्या बाबतीत माझा अंदाज पार चुकला. मोठा तो चांगला, एवढंच डोक्यात. पण मोठ्या टॅबलेटवर खांद्यापासून हात फिरवावा लागतो. मी मनगटावर चित्र काढणारा, संध्याकाळपर्यंत खांदा बोलायला लागला. शेवटी मधला आकार घेतला आणि पहिल्याच दिवशी गोल काढला तर अंडं झालं. पुन्हा काढला, पुन्हा अंडं. तासभर स्वतःच्या हाताला दोष दिल्यावर कळलं की टॅबलेट शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन्ही स्क्रीनवर ताणला गेलाय. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टॅबलेटच्या सॉफ्टवेअरमध्ये, एकच स्क्रीन निवडून प्रमाण जुळवलं, तेव्हा कुठे गोल गोल झाला.

स्क्रीनवाला का नाही घेतला, असं सगळे विचारतात. त्यावर काढताना कागदावर काढल्यासारखं वाटतं, हे खरंच. पण जुन्या पद्धतीच्या जाड काचेत निबेचं टोक आणि उमटलेली रेघ यांच्यात केसभर फट दिसते, आणि मान दिवसभर खाली. बिनस्क्रीनच्यात हात खाली नि नजर समोर. पहिले आठ दिवस आपलाच हात परका वाटतो, मग विसरायला होतं.

आता माझ्या हाताचं काय? ड्रायव्हरमध्ये दाबाची वक्ररेषा असते, किती दाबलं की रेघ किती जाड हे ठरवणारी. ती ओढून ओढून मी इतकी कडक केली की पूर्ण जाड रेघेसाठी दणकून दाबावं लागतं. मला ते मानवलं. निबा मात्र भराभर झिजतात. पृष्ठभाग कागदासारखा खरखरीत आहे, त्यावर महिन्याभरात टोकाला तिरका काप पडतो, पेन्सिल दगडावर घासल्यासारखा.

परवा भाची आली आणि न विचारता पेन उचलला. तिचा हात पिसासारखा. तिनं मांजराच्या मिशा काढल्या, स्क्रीनवर काहीच नाही. पुन्हा काढल्या. मग पेन कानाशी नेऊन हलवून पाहिला.

"मामा, याची शाई संपलीय."

मी वक्ररेषा पूर्ण सैल करून दिली. मिशा उमटल्या, सहाच्या सहा, टोकाला अगदी बारीक होत गेलेल्या. मग मी तोच पेन घेऊन शेपूट काढायला गेलो आणि मांजराला सोंड आली.

आता ड्रायव्हरमध्ये दोन सेटिंग साठवलीत. एकाला तिचं नाव दिलंय. दुसऱ्याचं नाव तिनंच टाईप केलं, 'धपाटे'.