पुठ्ठ्याला सत्तर डॉलर?

मागच्या आठवड्यात पुण्याहून मावसभावाचा मेसेज आला, ताई तुमच्याकडे ते निन्टेंडोचं पुठ्ठ्याचं प्रकरण होतं ना, लाबो का काय ते, इथे एक जण सेकंडहँड विकतोय, पोरासाठी घेऊ का? मी लिहायला बसले ते लिहीतच सुटले, म्हटलं आता इथेच टाकते.

लाबो म्हणजे निन्टेंडोच्या स्विच या व्हिडिओ गेमच्या यंत्राबरोबर खेळायची, पुठ्ठ्यातून घरी बनवायची खेळणी. आम्ही न्यू जर्सीत २०१८ च्या उन्हाळ्यात घेतलं होतं, तेव्हा ते नुकतंच, म्हणजे एप्रिलमध्ये आलेलं. व्हरायटी किट ७० डॉलर. खोका उघडला तर आत २८ पुठ्ठ्याचे ताव, थोडी दोरी, रबरबँड, चमकणारे स्टिकर आणि गेमचं ते इवलंसं कार्ड. तेव्हा आई आलेली होती आमच्याकडे. तिने मनातल्या मनात रुपये केले आणि म्हणाली, साडेचार हजाराचा पुठ्ठा आणलास? आणि वर स्टिकर-टेपचा सजावटीचा सेट वेगळा, १० डॉलरचा, म्हणजे ७० डॉलरच्या पुठ्ठ्यावर चिकटपट्टी लावायची तर त्याचे परत पैसे! तो मी घेतला नाही, घरात स्केचपेन होते की.

पण शनिवारी सकाळी लेक बसली (तेव्हा नऊ वर्षांची) आणि मी नाश्त्याची भांडी आवरेपर्यंत तिची पहिली गाडी झालीसुद्धा. गाडी म्हणजे काय, पुठ्ठ्याचा एक किडा, दोन्ही बाजूंना जॉय-कॉन (स्विचचे सुटे होणारे दोन कंट्रोलर) अडकवायचे आणि ते थरथरले की किडा पुढे सरकतो, चाकं-बिकं काही नाही. आमचा सरळ कमी आणि गोल जास्त फिरायचा. पण खिदळलो किती.

खरी गंमत पियानोत आहे. बनवायला आम्हाला तीन तासांच्या वर गेले, कात्री नाही, खळ नाही, नुसतं ढकलून ताव सोडवायचे, घड्या घालायच्या आणि खाचेत अडकवायचे. सूचना सगळ्या स्क्रीनवर, आणि इतक्या चांगल्या सूचना मी आजवर कुठल्याच वस्तूबरोबर बघितलेल्या नाहीत, फर्निचर तर सोडाच. चित्र बोटाने गोल फिरवून मागून बघता येतं, चुकलं तर मागे जाता येतं, आणि मधूनमधून फालतू जोकही मारतात. १३ पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाला एक चमकता स्टिकर. उजव्या जॉय-कॉनच्या बुडाला इन्फ्रारेड कॅमेरा असतो, तो पियानोच्या पाठीत खुपसायचा. पट्टी दाबली की मागचं टोक वर उचललं जातं, स्टिकर कॅमेऱ्याला दिसतो, आणि मग स्विच तो सूर वाजवतो. वायर नाही, पुठ्ठ्यात बॅटरी नाही, काहीच नाही. आमचा एक सूर मुकाच होता, बघतो तर बाईसाहेबांनी स्टिकर वाकडा चिकटवलेला. पुन्हा खोलून, नखाने सोडवून सरळ लावला आणि वाजला तेव्हा आईपण येऊन वाजवून गेली. पुठ्ठ्यावरून बोलणारी हीच ती.

आता खरं सांगायचं तर वाजवणं दोन आठवडे चाललं. मासे पकडायचा गळ तीन आठवडे. नंतर सगळं कपाटावर, आणि ते जागा इतकी खातं की विचारू नका. आमच्या बेसमेंटमध्ये ऑगस्टमध्ये दमट होतं तर गळाची दांडी मऊ पडून माना टाकायला लागली. आई म्हणाली आकाशकंदिलासारखंच आहे हे, करंज्या-झिरमिळ्या चिकटवताना जी मजा, ती टांगल्यावर थोडीच राहते. बरोबर आहे तिचं. म्हणजे पैसे आपण गेमचे देत नसतो, त्या दोन शनिवार-रविवारचे देतो, आणि त्या हिशोबाने मला ७० डॉलर जास्त नाही वाटले. सिनेमा आणि पॉपकॉर्न काय कमी पडतात?

एक गोष्ट मात्र बरीच टिकली. गेममध्ये गॅरेज म्हणून एक भाग आहे, तिथे अमुक झालं तर तमुक कर असे चौकोन रेघेने जोडता येतात, म्हणजे प्रोग्रामिंगच. लेकीने एक जॉय-कॉन स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकला, धाकट्याने ड्रॉवर हलवला की दुसरा तिच्या उशाखाली थरथरणार. हे महिनोन्महिने चाललं, त्याला कधी कळलंच नाही की पकडला कसा जातो.

बाकी किट्सचं म्हणाल तर रोबोटचं ८० डॉलरचं किट घेऊ नका, पाठीला दप्तर बांधून हातपाय झाडायचे आणि इमारती फोडायच्या, एवढंच. व्हीआरवालं मैत्रिणीकडे बघितलं, चष्म्याला पट्टाच नाही, हाताने डोळ्यांशी धरून बसायचं. दोन मिनिटांत हात भरून आले.

आता सेकंडहँडचं. पुठ्ठा चुरगळलेला असला तरी चालेल, पण कार्ड आहे का ते आधी बघायचं, कारण सूचना आणि गेम दोन्ही त्यातच. आणि स्विच पहिलाच हवा. स्विच २ आकाराने मोठा, जुन्या मापाच्या खाचेत बसत नाही, आणि त्याच्या नव्या जॉय-कॉनमध्ये तो इन्फ्रारेड कॅमेराच काढून टाकलाय. स्विच लाइट नावाच्या छोट्या मॉडेलचे तर जॉय-कॉन सुटेच होत नाहीत.

हे एवढं सगळं मावसभावाला टाइप करून पाठवलं आणि मग विचारलं, तुझ्याकडे स्विच कुठला आहे रे?

लाइट आहे म्हणे.