तुम्ही विचारलंत म्हणून : गाडी आली का?

यंदाच्या गुढीपाडव्याला आम्ही इलेक्ट्रिक गाडी नोंदवली आणि तेव्हापासून जुळे सोलापुरातील आमच्या गल्लीत, भाजी मंडईत आणि निवृत्त शिक्षकांच्या सकाळच्या कट्ट्यावर मला एकच प्रश्न विचारला जातो, "सर, आली का गाडी?" नोंदणीच्या वेळी शोरूमने सहा ते आठ आठवडे सांगितले होते. आषाढी होऊन गेली, पालख्या परतीच्या वाटेला लागल्या, तरी आमच्या फाटकासमोरची जागा रिकामीच आहे. गाडी आलेली नाही, हे उत्तर एका वाक्यात संपते. परंतु ती न येण्याला शोरूम जितके कारणीभूत आहे तितकाच मीही आहे, आणि ते सांगायचे तर टेस्ट ड्राइव्हपासून सुरुवात करावी लागते. गाडीचे आणि कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण मला जे सांगायचे आहे ते कोणत्याही कंपनीच्या गाडीला लागू पडणारे आहे.

पहिली टेस्ट ड्राइव्ह शोरूमने दिली तशी घेतली. मार्चमधील सकाळ होती, गाडी शेडमध्ये उभी होती आणि आम्ही पोहोचण्यापूर्वीच तिचा एसी लावून ठेवलेला होता. सोबतच्या मुलाने होटगी रस्त्यावर आसरा चौकातून विमानतळाच्या दिशेने गाडी घ्यायला लावली आणि मोकळा रस्ता दिसताच म्हणाला, "सर, आता पूर्ण दाबा." मी दाबले. पाठ आसनाला चिकटली. इलेक्ट्रिक मोटरचा जोर शून्य वेगापासूनच पूर्ण मिळतो, त्यासाठी इंजिनाचे फेरे वाढण्याची वाट पाहावी लागत नाही, हे मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवताना फळ्यावर अनेकदा सांगितले होते. पाठीला ते त्या दिवशी प्रथम समजले. परंतु पंधरा मिनिटांनी खाली उतरल्यावर माझ्या लक्षात आले, की एकसष्टाव्या वर्षी मला ज्या गोष्टीची गरज नाही, नेमकी तीच मला दाखवण्यात आली होती.

त्या फेरीतील उपयोगाची गोष्ट सौ.नी सांगितली. त्या मागच्या आसनावर बसल्या होत्या. बॅटरी गाडीच्या तळाशी असल्यामुळे मागच्या बाजूची जमीन उंच येते, त्यामुळे पाय खाली पुरेसे जात नाहीत, गुडघे वर येतात आणि मांड्या अधांतरी राहतात. "अक्कलकोटपर्यंत ठीक आहे, पुण्यापर्यंत मी अशी बसणार नाही," त्या म्हणाल्या. सगळ्या गाड्यांत हा दोष सारखा नसतो. मुळातच इलेक्ट्रिक म्हणून आखलेल्या गाड्यांत तो कमी जाणवतो आणि पेट्रोलच्या गाडीत बॅटरी बसवून तयार केलेल्या गाड्यांत अधिक. यावरून आम्ही पहिली निवड बदलली. टेस्ट ड्राइव्हला जाणाऱ्या प्रत्येकाला मी आता सांगतो, की घरातील ज्या माणसाचे गुडघे दुखतात त्याला सोबत न्या आणि मागे बसवा.

दुसऱ्या गाडीची फेरी मी मुद्दाम मे महिन्यात, दुपारी अडीच वाजता मागितली. नोंदणी आधीच झाली होती, त्यामुळे शोरूमच्या मंडळींना हा म्हाताऱ्याचा हट्ट वाटला असावा. "सर, संध्याकाळी या ना, आरामात चालवा," असे दोनदा सुचवण्यात आले. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत जातो हे त्यांनाही ठाऊक होते, आणि मला पाहायचे होते ते तेच. गाडी तासभर उघड्यावर उभी करायला लावली, मग विजापूर रस्त्याने गावात, सात रस्ता चौकातून फिरून परत, असे १४ किलोमीटर चालवली. आठवड्याने तोच फेरा त्याच गाडीने सूर्य मावळल्यावर केला. संध्याकाळी गाडी एका युनिटमध्ये साडेसहा किलोमीटर गेली. दुपारी जेमतेम पावणेपाच.

या आकड्यांनी सुरुवातीला मीही दचकलो होतो. वास्तविक त्यामागचे कारण साधे आहे. उन्हात तापलेली गाडी, तिचे आसन, काच आणि डॅशबोर्ड हे सगळे थंड करायला एसीला पहिली दहा-पंधरा मिनिटे पूर्ण ताकद लावावी लागते, आणि बॅटरी तापली असेल तर तिला थंड ठेवण्यासाठीही वीज खर्च होते. फेरा लहान असेल तर हा सगळा खर्च त्या थोड्या किलोमीटरांच्या माथी पडतो. पुण्याला जाताना तोच खर्च २५० किलोमीटरांवर वाटला जातो, म्हणून तिथे तो जाणवत नाही. लांबच्या प्रवासात वीज खाते ती हवा. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलो तर तो दीडपटीहून अधिक होतो. गावात बाजारात जाऊन येणाऱ्याला ऊन महाग पडते, महामार्गावर जाणाऱ्याला घाई महाग पडते. आम्ही निवडलेल्या गाडीची बॅटरी ४५ युनिटांची आहे. जाहिरातीत तिचा पल्ला साडेचारशे किलोमीटरांच्या वर सांगतात, मी मात्र २८० धरून चालतो. पुण्याला जाताना इंदापूर-भिगवणच्या टापूत चहासाठी आम्ही आधीही थांबत होतो, आता गाडीही चहा घेईल.

कट्ट्यावर मात्र सगळ्यांना भीती घाटाची. "तुळजापूरचा घाट चढेल का हो?" हे मला इतक्या वेळा ऐकावे लागले, की शेवटी मी कागदावर गणित मांडून दाखवले. गाडी आणि माणसे मिळून १,७५० किलो वजन धरा, सोलापूर आणि तुळजापूर यांच्या उंचीतील फरक अगदी सढळ हाताने २०० मीटर धरा. वस्तुमान, गुरुत्व आणि उंची यांचा गुणाकार येतो ३४ लाख ३० हजार ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे साऱ्या कुटुंबाला आईच्या पायथ्यापर्यंत उचलून ठेवायला निव्वळ चढाचा खर्च एक युनिटही होत नाही. कागद पाहून मंडळी गप्प बसली, पण पटले कोणालाच नव्हते.

तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने, ज्याच्याकडे हीच गाडी वर्षभरापासून आहे, एका रविवारी आम्हाला तुळजापूरला नेले आणि जाताना-येताना चाक माझ्याच हाती दिले. शोरूम इतक्या लांब गाडी देत नाही, त्यामुळे माझ्या मते हीच आमची खरी टेस्ट ड्राइव्ह. निघताना पडद्यावर बॅटरी ९२ टक्के दिसत होती. घाटात पुढे उसाचा ट्रॅक्टर लागला, त्याच्या मागे चढावर जवळजवळ थांबून पुन्हा निघालो, तेव्हा क्लच नाही, गिअर नाही आणि गाडी मागे घसरण्याची धास्ती नाही, हे सुख मला त्या पहिल्या दिवशीच्या पिकअपपेक्षा कितीतरी मोठे वाटले. वर पोहोचलो तेव्हा ७४ टक्के उरले होते.

दर्शन घेऊन परत निघालो. उतारावर मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, की गाडी स्वतःच आवरली जाई. चाके मोटरला फिरवत होती आणि मोटर जनरेटर होऊन बॅटरीत वीज भरत होती. ब्रेकवर पाय क्वचितच गेला. घाट उतरून सपाटीला लागलो तेव्हा पडद्यावर ७४ च्या जागी ७५ दिसत होते. सौ.नी चष्मा सावरून आकडा दोनदा पाहिला आणि तिथूनच मागे वळून हात जोडले. "आईने एक टक्का प्रसाद दिला," त्या म्हणाल्या. माझ्या ज्यूलच्या गणिताने जे काम केले नव्हते ते या वाक्याने केले. दुसऱ्या दिवशी गल्लीतील सगळ्या बायकांना ते ठाऊक झाले होते. एक खबरदारी तेवढी सांगतो: बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर उतारावर गाडी अशी वीज परत घेऊ शकत नाही, कारण भरल्या हंड्यात आणखी पाणी मावत नाही. अशा वेळी गाडी सवयीप्रमाणे आपोआप आवरत नाही आणि नवख्या माणसाचा गोंधळ उडतो.

आता विलंबाविषयी. जूनच्या सुरुवातीला शोरूममधून फोन आला, की तुमच्याच मॉडेलची एक गाडी यार्डात उभी आहे, रंग तेवढा काळा आहे, उद्या घेऊन जा, वर काही सवलतही देऊ. मी पाहायला गेलो. दारामागच्या खांबावरील पाटीवर निर्मितीचा महिना लिहिलेला असतो; त्यावरून गाडी बनून आठ महिने झाले होते. बहुधा सारा उन्हाळा ती तिथेच, बिनछपराच्या यार्डात काढून बसली होती. मी आत बसून पडदा सुरू करायला लावला, तर बॅटरी ९७ टक्के भरलेली. लिथियम बॅटरी न वापरताही जुनी होते, आणि उष्णता व पूर्ण भरलेली अवस्था या दोन गोष्टी एकत्र आल्या, की ते वय लवकर वाढते. लिथियम बॅटऱ्यांतही लोह-फॉस्फेटच्या प्रकारातील बॅटऱ्या निकेलच्या प्रकारापेक्षा उष्णतेला अधिक सोशिक असतात आणि अनेक कंपन्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरची हमीही देतात, हे मला मान्य आहे. त्या गाडीची बॅटरी खराब झाली असेल असेही मी म्हणत नाही. पण इतके पैसे मोजून दुसऱ्याच्या निष्काळजीपणाचा उन्हाळा मी का विकत घ्यावा?

रंगाचाही प्रश्न होता. त्याच यार्डात शेजारी कोणाची तरी पांढरी गाडी उभी होती. मी आधी काळ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि लगेच उचलला. पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून मी दहापर्यंत आकडे मोजू शकलो. शोरूममधील मुलगा माझ्याकडे पाहत राहिला. दुपारच्या त्या पावणेपाच किलोमीटरांचे कारण काही अंशी तरी मला तिथे तळहातावर समजले, आणि पांढऱ्या रंगाला आणखी दोन महिने लागतील हे ऐकूनही मी पांढऱ्यावरच कायम राहिलो. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते, त्या गावच्या माणसाला वाट पाहणे निराळे शिकवावे लागत नाही.

शिवाय जूनमध्ये गाडी आली असती तर ती लावायची कुठे आणि भरायची कशी, याची घरी तयारीच नव्हती. बैठकीच्या खोलीतील सॉकेटला इस्त्री चालते म्हणून गाडी चालत नाही. सोबत मिळणाऱ्या साध्या चार्जरला १५ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट लागते, त्यासाठी मीटरपासून वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, टाकावा लागतो. या मार्गाने आमची बॅटरी रिकामीची पूर्ण भरायला १४-१५ तास लागतील, परंतु रोजच्या ३०-४० किलोमीटरांसाठी रात्रीचे दोन-तीन तास पुरतात. भिंतीवर बसवायचा सात किलोवॅटचा चार्जर हवा असेल तर महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. आम्ही साध्यावरच थांबलो.

खरी अडचण निघाली अर्थिंगची. आमच्या वायरमनने मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील दाब मोजला, तो १९ व्होल्ट भरला. तो हसला आणि म्हणाला, "सर, तुमचं अर्थिंग नावालाच हाय. गाडीचा चार्जर लाल दिवा दाखवून बंद पडंल." घर बांधले तेव्हाचा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा पडतो आणि कोरड्या मुरुमातून वीज जमिनीत नीट जात नाही. फ्रिज आणि पंखे इतकी वर्षे मुकाट्याने चालत होते. चार्जर मात्र अर्थिंग तपासल्याशिवाय वीजच घेत नाही. मग परसात आठ फूट खड्डा घेतला, तांब्याची पट्टी सोडली, कोळसा आणि मीठ यांचे थर दिले आणि वर पाणी घालण्यासाठी नरसाळे बसवलेला पाइप ठेवला. काम झाल्यावर मोजले तेव्हा मीटरवर दोन व्होल्ट होते. फाटकाच्या आत पत्र्याची शेड करण्याचा बेत रद्द करून हिरवी शेडनेट बांधली, कारण पत्रा स्वतःच तापतो आणि खाली भट्टी तयार करतो.

कोणी विचारते, की वीज तर कोळशाचीच ना, मग उपयोग काय. सोलापूरजवळच एनटीपीसीचे १,३२० मेगावॅटचे वीज केंद्र कोळशावर चालते, त्यामुळे मी पर्यावरणाचा मोठा कैवारी असल्याचा आव आणत नाही. तुळजापूरच्या फेरीला १५ युनिटांहून कमी वीज लागली. माझ्या जुन्या गाडीला त्याच रस्त्यावर सहा लिटर पेट्रोल लागत असे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला एवढा हिशेब पुरतो.

शोरूम आता श्रावणाचे आश्वासन देत आहे. सौ.नी त्यांना बजावून ठेवले आहे, की उशीर झाला तर गणपतीपर्यंत चालेल, पण पितृपक्षात गाडी देऊ नका. मी फक्त निर्मितीचा महिना आधी कळवा एवढेच सांगितले आहे. दरम्यान नळाला पाणी आले, की कपडे धुतलेल्या पाण्याची एक बादली मी त्या नरसाळ्यात ओततो, म्हणजे खड्डा ओला राहतो. गेल्या पाण्याच्या दिवशी मी बादली घेऊन वाकलो असताना शेजारच्या काकूंनी कुंपणावरून डोकावून विचारले, "सर, काय लावलंय तिथं? रोज पाणी घालताय, अजून काही उगवलेलं दिसत नाही." मी म्हणालो, "गाडी."