तीन इंच सांगितलं, पावणेतीन भरलं

टिंबर मार्केटमध्ये वडिलांनी वखार टाकली तेव्हा एक करवत, एक टेबल आणि खिळ्याला टांगलेला टेप एवढाच पसारा होता. सागवान दांडेलीच्या सरकारी डेपोतून यायचं. ओंडक्याचा घेर घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करून लांबीनं गुणायचं. चार फूट घेराचा दहा फुटी ओंडका म्हणजे दहा घनफूट. वर्तुळाच्या सूत्रानं तोच ओंडका पावणेतेराच्या आसपास भरतो, पण साल आणि कडेची फळकुटं जाणार हे त्या हिशेबात आधीच धरलेलं असायचं. वडील त्याला 'पाव घेर' म्हणत. या पद्धतीला हॉपस असं इंग्रजी नाव आहे हे मला फार उशिरा कळलं.

खरं भांडण मात्र ओंडक्यावर कधी झालं नाही, झालं ते चौकटीवर.

सात बाय तीनच्या दाराला उंबरठा सोडून 17 फूट लाकूड लागतं. पाच बाय तीन इंचाची चौकट धरली तर 17 गुणिले 5 गुणिले 3 भागिले 144, म्हणजे 1.77 घनफूट. रंधा मारल्यावर तीच चौकट पावणेपाच बाय पावणेतीन उरते आणि हिशेब 1.54 वर येतो. बिल मात्र करवतीच्या मापाचं. एका मिस्त्रींनी भर दुकानात टेप लावून विचारलं, "मालक, ह्ये तीन न्हाई, दोन सूत कमी हाय. पैसं कशाचं घेतलं?" दोन सूत म्हणजे पाव इंच. रंध्याचा भुसा दाखवून त्यांचं समाधान झालं नाही. माझंही नव्हतं. त्या आठवड्यापासून आम्ही बिलावर दोन रकाने केले: करवतीचं माप आणि रंध्याचं माप. शेजारचे दुकानदार हसले. त्यांचा मुद्दाही चुकीचा नव्हता, कारण दोन रकाने दिसले की गिऱ्हाईक लगेच दुसऱ्यावर बोट ठेवून भाव पाडायला लागतं.

या दोन रकान्यांचा धडा आम्हालाच एकदा उलटा मिळाला. परदेशातून परतलेल्या एका गृहस्थांनी अमेरिकेतला नकाशा आणला, गच्चीवरच्या मांडवासाठी. त्यावर सगळीकडे टू बाय फोर. आम्ही पाइनचं लाकूड इमानदारीनं पुरतं दोन बाय चार इंच कापून दिलं. तिकडून आणलेल्या लोखंडी क्लिपांमध्ये एकही दांडका बसेना. तिकडे दोन बाय चार हे फक्त नाव आहे. ओल्या लाकडाचं ते माप, वाळवून रंधलं की दीड बाय साडेतीन उरतं आणि नाव तेच राहतं. एक अख्खा दिवस अर्धा इंच रंधण्यात गेला, आमच्या खर्चानं. भुसा तेवढा चांगला निघाला.

आता डेपोत घनमीटर चालतो, 35.3 घनफुटांचा एक. लेक बिलं मिलिमीटरमध्ये करायची म्हणते. मिस्त्री मंडळी मात्र अजून सूतच मागतात, इंचाचा आठवा भाग. परवा एकानं सहा सुती प्लाय मागितला. तिनं 18 मिलिमीटरचा काढून दिला आणि मोजून सांगितलं की सहा सूत म्हणजे 19. मिस्त्री म्हणाले, "ताई, प्लायवाल्यालाबी दोन रकानं करायला सांगा."