हंटिंग्टन आजाराची जनुकीय चाचणी : माझा अनुभव

वडिलांना हंटिंग्टन आजार, म्हणजे मेंदूतील पेशी हळूहळू निकामी करणारा विकार, असल्याचे निदान झाले, तेव्हा त्यांची वाढलेली चिडचिड, हिशेबात होणारा गोंधळ आणि शर्टाची बटणे लावताना मध्येच उडणारी बोटे हे सारे एकाच मुळाशी जाऊन पोहोचले. आजार आनुवंशिक असल्यामुळे आम्हा भावंडांपैकी प्रत्येकाला तो मिळण्याची शक्यता निम्मी होती, आणि एकाला मिळाला म्हणून दुसऱ्याची शक्यता कमी होत नव्हती. मी चाचणी करून घ्यायचे ठरवले.

समुपदेशकांनी पहिल्या भेटीत रक्त घेतलेच नाही. त्यांनी आमची वंशावळ काढली आणि मग समजावून सांगितले, की चौथ्या गुणसूत्रावरील एचटीटी नावाच्या जनुकात डीएनएच्या लिपीतील ‘सीएजी’ ही तीन अक्षरे ओळीने पुन्हापुन्हा येतात. या आवृत्त्या 26 पर्यंत असणे सामान्य. 36 ते 39 असल्यास आजार होईलच असे नाही. 40 किंवा त्याहून अधिक असल्यास, माणूस पुरेसे जगला तर, तो होतोच. हे जनुक 1993 मध्ये सापडले. व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराकाठच्या बाधित कुटुंबांनी संशोधनासाठी आपले रक्त दिले नसते, तर तो शोध कितीतरी लांबला असता, याची मला आजही कृतज्ञतेने आठवण होते.

मेंदूविकारतज्ज्ञांनी मला जीभ बाहेर काढून तशीच धरून ठेवायला आणि टाचेला पायाची बोटे लावत सरळ रेषेत चालायला सांगितले. हालचालींत दोष आढळला नाही. समुपदेशकांचे प्रश्न मात्र याहून अवघड होते : निकाल सर्वांत आधी कोणाला सांगणार, कोणाला सांगणार नाही, आणि तो आपल्याला नकोच असे शेवटच्या क्षणी वाटले तर? तसे वाटल्यास पाकीट न उघडता परत जाण्याची मला मुभा होती, आणि हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

माझ्या निकालात आवृत्त्या 42 निघाल्या. त्यावरून आजार होणार हे कळते, पण नेमका कोणत्या वयात सुरू होईल हे सांगता येत नाही. तो थांबवणारे औषध आजवर नाही. टेट्राबेनाझिनसारख्या औषधांनी अनैच्छिक हालचाली कमी होतात एवढेच. मी आर्थिक व्यवहार आणि पुढील देखभालीबाबतच्या इच्छा लगेच लिहून ठेवल्या.

खरा पेच ताईचा होता. तिला स्वतःविषयी जाणून घ्यायचे नाही आणि तो तिचा हक्कच आहे. माझ्या निकालाने तिच्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. परंतु तिच्या सज्ञान मुलीला लग्नाआधी चाचणी करायची आहे, आणि भाचीत सदोष जनुक आढळले, तर ते आईकडूनच आले हे न विचारताच उघड होईल. दोघींचेही म्हणणे मला पटते, त्यामुळे मी कोणाचीही बाजू घेतली नाही. समुपदेशकांकडे दोघींनी एकत्र जावे एवढेच सुचवले. ती भेट ठरली आहे, आणि आईशी सविस्तर बोलणे झाल्याखेरीज रक्त देणार नाही, असे भाचीने आपणहून कळवले आहे.