होपी मडक्यांची जुनी रंगीत चित्रं, दगडाचा रंग आणि मातीचा रंग

होपी ही अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाची मूळ रहिवासी जमात. तिथल्याच ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमवरचं, म्हणजे दक्षिण कड्यावरचं, 'होपी हाउस' जानेवारी १९०५मध्ये उघडलं. आराखडा वास्तुविशारद मेरी कोल्टरचा. फर्स्ट मेसा या पठारावरच्या हानो गावची कुंभारीण नाम्पेयो कुटुंबासह इथं राहून प्रवाशांसमोर मडकी घडवायची. ही जागा प्रवाशांसाठी हॉटेलं चालवणाऱ्या फ्रेड हार्वी कंपनीची, आणि या जागेची रंगीत पोस्टकार्डं छापायची डेट्रॉइटमधली कंपनी.

कार्डांआधीच्या मोठ्या छापांचं तंत्र फोटोक्रोम, मूळ झुरिकचं. निगेटिव्ह कृष्णधवलच असायची. लिथोच्या, म्हणजे शिळाछापाच्या, दगडावर अस्फाल्टचा थर द्यायचा, वर निगेटिव्ह ठेवून उजेड दाखवायचा. ऊन लागलं तिथं थर घट्ट होतो, बाकीचा टर्पेंटाइननं धुऊन जातो. एका रंगाला एक दगड, निदान सहा, कधी चौदाही. दगड नीट जुळले नाहीत की आकृतीच्या कडेला रंगाची झालर दिसते. दहापट भिंगाखाली ओळीनं ठिपके दिसले तर हाफटोन, म्हणजे ठिपक्यांच्या जाळीची छपाई. वेडावाकडा दाणा दिसला तर फोटोक्रोम.

म्हणजे रंग छापखान्यानं ठरवलेला. बसणं, हात, अवजारं यांवर भरवसा ठेवावा, रंगावर नको. होपी कुंभारकामात चाक नसतंच. उथळ थाळीत बूड बसवून त्यावर मातीच्या वळ्या रचत जातात, भोपळ्याच्या तुकड्यानं खरवडतात, गुळगुळीत गोट्यानं घोटतात. कुंचला म्हणजे चावून तंतू सुटे केलेलं युक्का या वाळवंटी झुडपाचं पान. काळ्या रंगासाठी रानमोहरीसारखं रोप उकळून आटवलेल्या रसात लोहखनिज घोटतात. माती कच्ची असताना करडी. आतल्या लोहामुळे भाजल्यावर मधाळ पिवळी होते. त्यामुळे हातात कुंचला, मांडीवर अर्धवट रंगवलेलं मडकं आणि ते मडकं मधाळ पिवळं, अशा छापावर मी तरी विश्वास ठेवत नाही. (पिवळ्या मातीचा लेप वेगळा, तो भाजल्यावर लाल होतो.)

भाजणीच्या चित्रात मेंढ्यांच्या वाळलेल्या लेंडीच्या लाद्या शोधाव्यात, जळण तेच. मडकी आधी शेकून घेतात, कारण ओल राहिली की वाफेनं तडकतात. जळण थेट टेकू नये म्हणून वर जुन्या खापऱ्या रचतात. तरी टेकलंच तर तिथं काळा डाग उठतो. वारा सुटला की आच एकीकडे ओढली जाते आणि निम्मं मडकं फिकट राहतं.

आज होपी गावांकडे ट्युबा सिटीवरून २६४ क्रमांकाच्या रस्त्यानं जाताना घड्याळ सांभाळा: उन्हाळ्यात भोवतालच्या नवाहो जमातीचा प्रदेश एक तास पुढे असतो, होपी नसतो. पायथ्याच्या पोलाका गावाहून फर्स्ट मेसावर चढल्यावर फोटो, ध्वनिमुद्रण, रेखाटन, सगळ्याला मनाई आहे. छापाशी ताडून बघायचं ते डोळ्यांनीच.