तुम्ही विचारलंत म्हणून: फलाटावर एकटं मूल दिसलं तर

"स्टेशनवर एकटं मूल दिसतं, जीव कळवळतो, पण नेमकं करायचं काय?" हा प्रश्न आम्हाला सतत विचारला जातो. त्याच्या पाठोपाठ येतं: दहा-वीस रुपये द्यावेत का? घरी न्यावं का? पोलिसांना सांगितलं तर त्याला मारतील का?

रस्त्यावर दिसणारं प्रत्येक मूल एकटं नसतं, हे आधी ध्यानात घ्या. टाटा समाजविज्ञान संस्था आणि ॲक्शनएड ही स्वयंसेवी संस्था यांची मुंबईतली रस्त्यावरच्या मुलांची गणना 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत 37 हजारांवर मुलं नोंदली गेली आणि त्यांतली बहुतेक आपल्या कुटुंबासोबतच राहत होती. सिग्नलवर गजरे विकणाऱ्या मुलीची आई बहुधा दुभाजकापाशीच असते. तिला आईपासून तोडून काही साधत नाही. तिला शाळा हवी, आणि जन्मदाखला नाही म्हणून शाळा तिला नाकारू शकत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यातच लिहिलेलं आहे. तुमचा प्रश्न मात्र घर सोडून नुकत्याच आलेल्या मुलाबद्दल आहे. तिथे हातात फार थोडा वेळ असतो.

कल्याण, दादर, कुर्ला टर्मिनस, जिथे लांबच्या गाड्या थांबतात तिथे असं मूल उतरतं. पायात अजून चप्पल असते. पाठीवर शाळेचं दप्तर असतं, पण त्यात वह्यांच्या जागी कपडे कोंबलेले असतात. लोकल लागली की सगळा फलाट दरवाज्याकडे धावतो; हे मूल जागचं हलत नाही. तीन-चार गाड्या जातात तरी तिथेच. वडे तळणाऱ्या स्टॉलकडे बघत राहतं आणि आपली नजर भिडली की मान फिरवतं. हे मूल ओळखणारे तुम्ही एकटेच नसता. त्याला हॉटेलात राबवायला नेणारा, भीक मागायला बसवणारा किंवा त्याहून वाईट हेतूचा माणूसही हेच बघत असतो, आणि तोही वडापाव घेऊनच येतो, गोडच बोलतो.

म्हणून तुम्ही जवळ जा, पण समोर उभं राहू नका. शेजारी, हातभर अंतर सोडून बसा. "का पळून आलास?" असं विचारू नका, "जेवलास का?" एवढं पुरतं. खायला द्यायचं तर स्टॉलवरून, त्याच्यादेखत घ्या. आपल्या पिशवीतला खाऊ काढू नका, आणि स्टेशनच्या बाहेर तर मुळीच नेऊ नका. स्टॉलवाल्याला सांगून ठेवा, कॅमेऱ्याखालच्या बाकावर बसा. नाव बहुधा खोटंच सांगतील, तिथे अडू नका. गावाचं नाव सांगत नसेल तर बाजार कोणत्या वारी भरतो, नदी आहे का, गाडीत कुठे चढलास, शाळेजवळ कोणतं देऊळ आहे, हे विचारा. घरच्या मारापायी आलेलं मूल पत्ता लपवतं, पण नदीबद्दल भरभरून बोलतं.

मग 1098 लावा. मुलांसाठीची ही हेल्पलाइन 1996 मध्ये मुंबईतच सुरू झाली. फुकट आहे, चोवीस तास चालते. फलाट क्रमांक, जवळचा पूल किंवा इंडिकेटर, अंदाजे वय, कपड्यांचा रंग आणि भाषा, एवढं सांगा. माणूस येईपर्यंत उठू नका. फोन करून लोकल पकडली तर तो फोन बहुतेक वेळा वाया जातो, कारण अर्ध्या तासात मूल दुसऱ्या फलाटावर असतं. स्टेशनवर आरपीएफची (रेल्वे सुरक्षा दलाची) चौकी किंवा बालमदत कक्ष असेल तर तिथेच चला. मुलगी असेल तर महिला शिपाई मागा. मुलाची नोंद झाली की त्या नोंदीचा क्रमांक लिहून घ्या. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मुलाला बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलाला कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या समितीपुढे, नेणं कायद्यानं बंधनकारक आहे. समिती मुलाला जिथे ठेवते ते "रिमांड होम" नव्हे, बालगृह. तिथे मूल गुन्हेगार म्हणून जात नाही. त्याला हे साध्या शब्दांत सांगा, कारण फलाटावरची जुनी मुलं त्याला "रिमांड होम" याच शब्दाची धास्ती घालतात.

फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकू नका, कळकळीने सांगतो. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. त्याहून मोठं कारण म्हणजे ज्याच्या भीतीनं ते पळालं, तो फोटो त्याच्याच मोबाइलवर पोचतो.

पैसे देऊ नका, कारण ते त्याच्याजवळ राहत नाहीत. रात्री झोपेत खिसा कापला जातो किंवा मोठी मुलं काढून घेतात. म्हणून रस्त्यावरचं मूल कमाई त्याच दिवशी संपवतं. लोक त्याला उधळ्या म्हणतात. खरं तर साठवण्याची सोयच त्याला नसते. उरलेले पैसे बऱ्याचदा सोल्यूशनमध्ये जातात. पंक्चरचं सोल्यूशन किंवा व्हाइटनर चिंधीवर ओततात, मूठ वळून ती नाकाशी धरतात. त्यातलं टोल्यूइन हे रसायन भूक, थंडी आणि भीती तिन्ही बुजवतं. मुलांना ते नेमकं यासाठीच हवं असतं. ओठांभोवती पुरळ, बोटांवर पांढरा थर, अंगाला रंगाच्या दुकानासारखा वास, ही त्याची खूण.

अशा मुलामागे कधीही धावू नका, हातातली चिंधी हिसकावू नका. ही वाफ भरली असताना अचानक दचकणं किंवा पळणं झालं तर हृदयाचे ठोके बिघडून मूल जागीच जाऊ शकतं. जवळ विडी-काडी पेटवू नका. मोकळ्या हवेत बसू द्या, हळू बोला, शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवून रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा. शिव्या देईल, देऊ द्या.

आठवड्याभरानं 1098 ला पुन्हा फोन करून नोंदीचा क्रमांक सांगा. नाव-गाव ते सांगणार नाहीत आणि सांगूही नये. मूल समितीपुढे हजर झालं का, एवढंच विचारा.