फ्लाय फिशिंगचा रॉड आणि ३१ दिवस अडकलेलं पार्सल : माझा अनुभव

सगळ्यात आधी एक सांगते, बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल. परदेशातून रॉड मागवा, रील मागवा, लाईन मागवा, पण त्याच ऑर्डरमध्ये पिसांच्या माश्या (गळावर बांधलेल्या, नकली) टाकू नका. मी टाकल्या होत्या. २४ नगांची छोटी डबी, सगळ्या ऑर्डरमधली सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि तिच्यामुळे माझं पूर्ण पार्सल मुंबईत येऊन ३१ दिवस पडून राहिलं. आज चार महिने झाले तरी तो कुरिअरचा नंबर फोनवर दिसला की माझं डोकं तापतं.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझे बाबा रत्नागिरीकडचे, खाडीवर गरवायला जायचे, मीही लहानपणी गरी धरून त्यांच्याशेजारी तासन्‌तास बसलेय. त्या गरीला शिसं असतं, आमिष असतं, त्या वजनाने दोरी लांब जाते. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं आहे. गळावर पिसं, केस, लोकर गुंडाळून किडा किंवा माशी बनवतात आणि तिला वजन जवळपास नसतंच, वजन असतं ते जाड लाईनला. म्हणजे तुम्ही लाईन फेकता आणि माशी तिच्या मागून जाते. हे एकदा डोक्यात बसलं की रॉडवर ५ वेट, ८ वेट असं का लिहिलेलं असतं ते कळतं, तो आकडा रॉडच्या वजनाचा नाही, त्याला कुठली लाईन पेलते त्याचा आहे. ५ नंबरच्या लाईनचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात. रॉड ५चा तर लाईन ५ची, नवशिक्यांनी यात काही डोकं चालवू नये.

मी घेतला तो ९ फुटी, ५ वेट, चार तुकड्यांचा. नदीतल्या ट्राउटसाठी हाच घ्या, आणि चार तुकड्यांचाच घ्या, कारण मग नळी अडीच फुटाच्या आसपास राहते आणि लोकलमध्ये वरच्या रॅकवर मावते. मी मुलुंडहून प्रवास करते, मला हे फार महत्त्वाचं. रीलवर पैसे घालवू नका, ट्राउटला रील म्हणजे बहुतेक वेळा लाईन गुंडाळून ठेवायची जागा. पैसे घालायचे तर लाईनवर घाला. डब्ल्यू एफ ५ एफ असं लिहिलेली, म्हणजे पुढे जाड आणि तरंगणारी. आणि लीडर, म्हणजे लाईन आणि माशी यांच्या मधली बारीक दोरी, ९ फुटी, ५एक्स (हा तिच्या जाडीचा आकडा, शेवटी सांगते).

तर पार्सल. मार्चच्या सुरुवातीला ऑर्डर केली, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात हिमाचलात तीर्थन नदीवर जायचं बुकिंग होतं, रजा मंजूर, तिकिटं काढलेली. सहा दिवसांत मुंबईत पोचल्याचा मेसेज आला. मी खूश, आईला सांगूनही टाकलं की रविवारपर्यंत घरी येतंय.

मग केवायसीचा मेल. आधार अपलोड केलं, रिजेक्ट. कारण लिहिलेलं नाही. पुन्हा केलं, पुन्हा रिजेक्ट. चार दिवसांनी फोन लागला तेव्हा समजलं की इन्व्हॉइसवर नुसतं माझं नाव आणि आडनाव, आधारवर मधे वडिलांचं नाव, त्यामुळे जुळत नाही. आता हे पहिल्याच दिवशी एका ओळीत लिहिता आलं असतं ना? ऑर्डर करताना पूर्ण नाव टाका, आधारवर आहे तस्संच, अक्षरन्‌अक्षर. ते मी सेल्फ डिक्लरेशन देऊन निस्तरलं आणि मला वाटलं संपलं.

संपलं नव्हतं. अकराव्या दिवशी स्टेटस बदललं, 'डॉक्युमेंट्स रिक्वायर्ड'. कुठली डॉक्युमेंट्स? फोनवरच्या मुलीला माहीत नाही, ती तिकीट नंबर देते, तिकीट ४८ तासांत आपोआप क्लोज होतं आणि वर मेल येतो की तुमची समस्या सुटली. असं तीनदा झालं. शेवटी हाफ डे टाकून साकीनाक्याजवळच्या त्यांच्या ऑफिसात गेले. तिथे काउंटरवरच्या मुलाने स्क्रीन बघून विचारलं, "मॅडम, यात माश्या आहेत का? जिवंत?"

मी त्याला फोनवर फोटो दाखवला, समजावलं, तो बिचारा ऐकून घेत होता, त्याचा काही दोष नाही. दुकानदाराने इन्व्हॉइसमध्ये माश्यांच्या पुढे साहित्य लिहिलं होतं : तित्तर जातीच्या पक्ष्याच्या शेपटीचं पीस, मोराचं पीस, हरणाचे केस, सशाची लोकर. दुकानदाराने प्रामाणिकपणे लिहिलं, आणि फ्लाय बनवायला जगभर हेच वापरतात. पण इथे मोर म्हटल्यावर विषय वेगळा होतो. मोर आपला राष्ट्रीय पक्षी, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात त्याला सगळ्यात कडक संरक्षण आहे, आणि ते असायलाच पाहिजे, त्याबद्दल माझी शून्य तक्रार. प्राण्यांपासून बनवलेल्या वस्तू बाहेरून आणताना रोगराईची तपासणी लागते हेही मला पटतं. माझा राग एवढाच आहे की त्या २४ माश्या बाजूला ठेवून बाकीचं सामान सोडा, किंवा निदान काय हवंय ते लिहून द्या, एवढं साधं काम करायला कुणी तयार नव्हतं. एकजण म्हणे सर्टिफिकेट आणा, कुठलं ते दुसऱ्या डिपार्टमेंटला विचारा, दुसरं म्हणे हे आमच्याकडे नाहीच. आणि ठेवणावळ मात्र रोजची चालू! पार्सल त्यांच्याकडे, निर्णय त्यांच्याकडे, आणि दिवसाचं भाडं माझ्या नावावर.

मी एकूण पाच वेळा तिथे गेले. मेट्रोने घाटकोपर, तिथून मुलुंड, उन्हाळा, दोन तास आत दोन तास बाहेर. तिसऱ्या वेळी एक वयस्कर गृहस्थ तिथे भेटले, स्वतःचं कुठलं मशीनचं पार्ट सोडवायला आले होते, त्यांनी सांगितलं की ताई, वाद घालू नका, अर्ज लिहा, तारीख घाला, दोन कॉपी काढा आणि एकीवर रिसीव्ह्डचा शिक्का मागा. हा माझ्या ३१ दिवसांतला सगळ्यात उपयोगी सल्ला. मी त्याच दिवशी बाहेर झेरॉक्सवाल्याच्या टेबलावर उभी राहून अर्ज लिहिला : माश्यांची डबी मी सोडून देते, तिच्यावर माझा हक्क नाही, बाकीच्या सामानाचा तपशील खाली, त्यात प्राण्यांचा कुठलाही भाग नाही. दुकानदाराकडून मेलवर सुधारित इन्व्हॉइस मागवलं, त्याने एका रात्रीत पाठवलं. त्यात प्रत्येक वस्तूचा कस्टम्सचा कोड वेगळा लिहून घेतला. मासेमारीचे रॉड ९५०७१०, रील ९५०७३०, हे कोड जगभर सारखेच असतात, तेव्हा ऑर्डर करतानाच दुकानदाराला सांगा की इन्व्हॉइसवर टाक. माझ्या पहिल्या इन्व्हॉइसवर नुसतं 'स्पोर्ट्स गुड्स ॲण्ड फ्लाईज' होतं आणि मग ते पिसांचं पुराण.

अर्जानंतरही नऊ दिवस गेले. शिक्का मारलेल्या कॉपीचा फोटो मी रोज सकाळी दहा वाजता मेलला जोडून पाठवायचे, तोच विषय, तीच ओळ. शेवटी ड्युटी, त्यांचे चार्जेस आणि अर्धी ठेवणावळ भरून (अर्धी माफ करून घेतली, ते शिक्क्यामुळेच) ९ एप्रिलला नळी हातात आली. मी ती रिक्षात मांडीवर आडवी धरून आणली, कुणाला हात लावू दिला नाही.

आता पार्सल अडकलं त्या महिन्यात मी हातावर हात ठेवून बसले नव्हते, आणि हे मला सगळ्यांना सांगायचंय. बाबांची जुनी बांबूची काठी होती माळ्यावर, तिच्या टोकाला विणायच्या जाड लोकरीचा आठ फुटांचा तुकडा बांधला आणि रोज पहाटे बिल्डिंगच्या गच्चीवर कास्टिंग, म्हणजे लाईन फेकायचा सराव. लोकर हवेत बऱ्यापैकी फ्लाय लाईनसारखी उलगडते, हळू असल्यामुळे डोळ्यांना दिसते. अंगठा काठीच्या वर, मनगट वाकवायचं नाही, घड्याळाचा काटा डोळ्यांसमोर आणायचा आणि काठी दहा ते दोन यांच्यामध्येच ठेवायची. आणि मागे गेल्यावर थांबायचं. हे थांबणं कुणालाच जमत नाही सुरुवातीला, मलाही पहिले आठ दिवस जमलं नाही, आपण घाईने पुढे ओढतो आणि लोकर चाबकासारखी फट्‌कन वाजते. असा आवाज आला की समजा खऱ्या नदीवर तुमची माशी तुटून गेली. मान वळवून मागे बघा, लाईन सरळ होईपर्यंत बघत राहा, मगच पुढे. कपड्यांच्या दोऱ्या आधी सोडून ठेवा.

खरा रॉड आला त्या दिवशी पहिल्याच तासात ३० फूट सरळ गेली लाईन. मला इतकं भारी वाटलं! मैदानावर सराव करताना पुढे गळ लावू नका, लोकरीचा बोंडका बांधा, आणि चष्मा आणि टोपी घातल्याशिवाय तर गळ लावलेली लाईन हवेत उडवूच नका, मागून येणारा गळ सरळ डोळ्यात जातो. हो, आणि रोल कास्ट (लाईन मागे न उडवता पाण्यावरूनच पुढे फेकायची पद्धत) गवतावर येत नाही म्हणून खचून जाऊ नका, त्याला पाण्याची पकड लागते, ते पाण्यावरच शिकायचं. पवई तलावाच्या काठावरून करता येईल, पण तिथे मगरी आहेत, पाण्यात पाय घालायचा नाही आणि परवानगी विचारूनच.

माश्यांचं काय केलं? घरी बनवल्या. फ्रँक सॉयर नावाचे इंग्लंडमधले एक नदीरक्षक होते, त्यांची 'किलर बग' म्हणून एक माशी आहे, तिला एकही पीस लागत नाही. बारीक गळावर तांब्याची तार गुंडाळायची आणि वरून राखाडी-तपकिरी लोकर, बास. सॉयर रफू करायची लोकर वापरायचे, मी गच्चीवरच्या सरावाची उरलेली वापरली. तार मोटर वाइंडिंगवाल्याकडून मिळाली, त्याने पैसेही घेतले नाहीत. गळ पकडायला पक्कड, तिच्या दांड्याला रबर बँड. गळाचा आतला उलटा काटा त्याच पकडीने दाबून सपाट करा, मासा सोडताना त्याच्या तोंडाला कमी इजा होते, आणि तुमच्या बोटात घुसला तरी सहज निघतो. एक गंमत नाही तर मला खरोखर लागलेली गोष्ट सांगते, कोंबड्याच्या मानेची पिसं फ्लाय बनवणारे 'इंडियन नेक' या नावाने ओळखतात, ती वर्षानुवर्षं भारतातून जगभर गेलीयेत. आणि मी पिसं परदेशी दुकानातून डबीत घालून मागवत होते. आता मुलुंडच्या मार्केटमधला चिकनवाला मला लाल कोंबड्याच्या मानेची पिसं बाजूला काढून ठेवतो, साबणाच्या पाण्यात धुवून दोन दिवस उन्हात वाळवते.

तीर्थनचं लांबण लावत नाही. चंदिगढहून रात्रीची बस, औटला बोगद्याच्या अलीकडे उतरायचं, बंजार, मग गुशैणी. परवाना होमस्टेवाल्या काकांनी बरोबर येऊन काढून दिला, कसला त्रास नाही. हिमाचलात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत ट्राउट पकडायला बंदी असते, त्याप्रमाणे रजा टाका. दुपारनंतर बर्फाचं पाणी येऊन नदी वाढते, मी सकाळीच करायचे. दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला एका मोठ्या दगडामागच्या संथ पाण्यात किलर बग सोडली, लाईन जराशी थबकली, मला वाटलं दगडात अडकली, उचलली तर हलली! वीतभरच होती, ब्राऊन ट्राउट, अंगावर लाल ठिपके. हात आधी पाण्यात भिजवले (कोरड्या हाताने त्यांच्या अंगावरचं बुळबुळीत आवरण निघतं आणि मग जखमा होतात), पाण्याबाहेर न काढता गळ सोडवला, आणि ती दगडाखाली गेली. काका वरून ओरडले, फोटो काढायचा राहिला. राहू दे. मी तिथेच खडकावर बसून बाबांना फोन लावला, रेंज नव्हती, तरी दोन-तीनदा लावला.

अजून एक राहिलं, लीडरचं. ५एक्स म्हणजे जाडी किती हे मला कुणी सांगत नव्हतं : ११ मधून तो आकडा वजा करा, उत्तर इंचाच्या हजाराव्या भागात येतं. म्हणजे ५एक्स सहा हजारांश इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर. आणि गाठ आवळण्याआधी ओली करा, थुंकी लावा सरळ, कोरडी आवळली की नायलॉन तापून कमकुवत होतं आणि मासा लागल्यावर नेमका तिथेच तुटतो. उत्तनला खाडीवर घेऊन गेलात तर घरी आल्यावर रॉड-रील दोन्ही गोड्या पाण्याने धुवून पुसून ठेवा, मी एकदा आळस केला आणि रीलच्या स्क्रूवर आठवड्यात गंज आला.